संशयकल्लोळ : हशा, पदं आणि सीमाभागातला प्रेक्षक (प्रकल्प नोंदी, जानेवारी–फेब्रुवारी २०२३)

७ जानेवारी २०२३, शनिवार. बेळगाव, तालमीची जागा

गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत संशयकल्लोळ या नाटकाचे तीन प्रयोग ठरलेत. पहिला बेळगाव शहरात सभागृहात, दुसरा खानापूर तालुक्यातल्या एका गावात उघड्यावर, तिसरा निपाणीत पुन्हा सभागृहात. तिन्हीकडे प्रेक्षक कुठं हसतो, कुठं गप्प होतो, कोणत्या पदाला दाद देतो, कुठं खोकतो, हे संहितेच्या त्या त्या ओळीसमोर मांडायचं. समीक्षा लिहायची नाही. ऑर्गनने सूर कधी द्यायचा आणि नटाने किती थांबायचं, हे ठरवायला हाताशी कागद हवा, एवढंच.

संहिता एका बाजूला छापली, डावं पान कोरं ठेवलं, दर पाचव्या ओळीला क्रमांक दिला. खुणा अशा: ह१ म्हणजे दोन-चार जागी हसू, ह२ म्हणजे निम्मं घर, ह३ म्हणजे सगळं घर. टा टाळी, वा तोंडाने दिलेली दाद, पु वन्स मोअर, खो खोकला, खु खुर्चीची कुरकुर. नोंद करणारे दोघं: एक पाचव्या रांगेत कडेला, एक शेवटच्या रांगेत. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन, नाहीतर आजूबाजूचे लोक रंगमंच सोडून वहीकडे बघत बसतात.

खो आणि खु या खुणा सगळ्यात कामाच्या ठरणार, असा अंदाज. टाळी पुष्कळदा शिष्टाचाराची असते, खोकला तसा नसतो.

८ जानेवारी, रविवार

संहितेवर सांधे शोधले, म्हणजे हशा आणि पद जिथं एकमेकांना भिडतात त्या जागा. देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं, १८९३ साली, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने. कथानक मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनातून आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकात आलं, आणि तिथून मराठीत. पदं घालून गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगमंचावर आणलं. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव गणपतराव बोडसांचे. या वाटणीतच नाटकाची घडण दिसते. संशयाने पिसाळलेलं जोडपं, फाल्गुनराव आणि कृत्तिका, हशा उभा करतं ते बोलून. बहुतेक पदं मात्र अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमी जोडीकडे. हसवणारं घर वेगळं, गाणारं घर वेगळं. हशा आणि पद एकमेकांच्या अंगावर येतात ते या दोन घरांची माणसं एकत्र येतात तिथं, किंवा गद्य प्रवेश संपता संपता पद सुरू होतं तिथं. आमच्या कापलेल्या तीन तासांच्या संहितेत असे सात सांधे निघाले. सातही ठिकाणी तांबडी रेघ.

बेळगावकरांना हे नाटक परकं नाही. देवल इथंच अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली शिकले, आणि किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच जिल्ह्यात, मलप्रभेकाठी. म्हणून जुन्या रसिकांच्या कानात पदं आधीपासून बसलेली असतात. याचा फायदा होतो तसा त्रासही होतो. तो पुढं.

१४ जानेवारी, शनिवार

ध्वनिमुद्रणाची चाचणी. दोन रेकॉर्डर: एक पाचव्या रांगेच्या उंचीवर, प्रेक्षकांकडे तोंड करून, दुसरा मागच्या भिंतीपासून दोन मीटर पुढं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ. तासाला साधारण एक जीबी लागतो, तीन तासांना तीन. कार्ड ३२ जीबीचं असलं तरी आधी रिकामं करून घ्यायचं. मध्यंतरात कार्ड बदलायचं नाही, त्या गडबडीत दुसऱ्या अंकाची सुरुवात हातची जाते.

पहिली चाचणी फुकट गेली. हौसेने एक फोनही लावला होता. फोन आवाज आपोआप सावरतो: मोठा हशा आला की पातळी खाली ओढतो आणि सावकाश वर आणतो. त्यामुळं हशानंतरचं पद मुद्रणात बारीक ऐकू येतं, आणि शांततेतला एक खोकला तोफेसारखा. नुसता फोन ऐकून निष्कर्ष काढला असता तर गायिकेला विनाकारण ‘आवाज लावा’ म्हणून सांगितलं गेलं असतं. रेकॉर्डरवरही ही सोय बंद करून पातळी हाताने ठेवायची: सगळ्या तालीमकऱ्यांना एकदम ओरडायला सांगायचं आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असं करायचं.

दोन्ही मुद्रणं जुळवायला तिसऱ्या घंटेआधी सभागृहाच्या मध्यावर एक खणखणीत टाळी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे वीस मीटर अंतराला सेकंदाचा सतरावा भाग. नोंदीला तो फरक लागत नाही, पण दोन्ही मुद्रणं एकत्र करून ऐकली तर हशा दुहेरी वाटतो. वेगवेगळी ऐकावीत.

२१ जानेवारी, शनिवार. पहिला प्रयोग, बेळगाव

नांदी संपेपर्यंत लोक येत होते. त्या दहा मिनिटांच्या नोंदी धरायच्या नाहीत.

तसबिरीचा प्रवेश, पहिल्याच खेपेला ह३. रेवतीची मूर्च्छा, फाल्गुनराव तिला सावरतात ते कृत्तिका बघते, पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती निरखत असताना फाल्गुनराव मागून येतात. इथं शब्द लागतच नाहीत. लोक हसायला लागतात ते फाल्गुनरावांच्या पहिल्या वाक्यावर नव्हे, त्यांची मान पुढं येते तेव्हा. ते वाक्य हशाच्या पोटात गेलं आणि पुढची तीन वाक्यं मागच्या रांगेला ऐकूच आली नाहीत. मागच्या रेकॉर्डरवर स्पष्ट आहे.

पहिला सांधा असाच मोडला. पदाआधीचं शेवटचं वाक्य हीच तबलजीची खूण. वाक्य हशात बुडालं, ऑर्गनचा सूर उशिरा आला, गायकाने सूर मिळायच्या आधीच तोंड उघडलं. पहिली ओळ अर्ध्या सुराने वर. दुसऱ्या आवर्तनात सावरलं, पण तेवढ्यात समोरच्या रांगेत मान हललेली.

समोरच्या रांगेतच आणखी एक गोष्ट सापडली, तिला खूण नव्हती. ‘मृगनयना’ सुरू व्हायच्या आधी, ऑर्गनवर दरबारीचा गंधार वाजतो न वाजतो तोच तिघं-चौघं गुणगुणायला लागले. गायकाच्या पुढं, आणि किंचित उतरलेल्या सुरात. पाचव्या रांगेतल्या रेकॉर्डरवर हे गायकाइतकंच मोठं ऐकू येतं. खूण वाढवली: गु. गु म्हणजे प्रेम आहेच, पण त्यांच्या कानातलं पद रेडिओवरचं, जुन्या तबकडीवरचं असतं. गायकाने तिसऱ्या ओळीत जागा वेगळी घेतली तेव्हा गु एकदम थांबलं. पुढच्या ओळीला एक ‘वा!’ आला. म्हणजे पटलं. वेगळी जागा घेऊन न पटती तर खो आला असता.

एक दुरुस्ती: दुसऱ्या अंकात आलेला सगळ्यात मोठा हशा नोंदीतून खोडला. फाल्गुनरावांची डावी मिशी घामाने सुटून ओठावर आली होती. तो हशा देवलांचा नाही, डिंकाचा. स्पिरिट गम लावताना ओठावरची जागा आधी पुसून कोरडी करायची, गम लावल्यावर तो चिकट होईपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं, मग मिशी दाबायची. ओल्या गमवर दाबलेली मिशी दिव्यांखाली तासभरही टिकत नाही.

२२ जानेवारी, रविवार. ऐकून काढलेल्या नोंदी

आज मुद्रण संहितेवर बसवलं. तीन तासांचं मुद्रण नीट बसवायला सात-आठ तास जातात, घाईने केलं तर ओळीचे क्रमांक चुकतात.

महत्त्वाची गोष्ट: शब्दावरच्या विनोदाला हशाच्या दोन लाटा आहेत, वस्तूवरच्या विनोदाला एकच. शब्दावरचा विनोद पडतो, पहिली लाट येते, उतरायला लागते. दोन-तीन सेकंदांनी डाव्या बाजूने आणि मागून दुसरी, लहान लाट उठते. मागच्या रेकॉर्डरवर मधली कुजबुजही आहे. शेजारचा शेजारच्याला कन्नडमध्ये सांगतोय. इथल्या घरात, मित्रमंडळीत दोन भाषा असतातच; मराठी समजणारा कन्नड माणूसही देवलांच्या काळच्या मराठीवर क्षणभर अडतो. त्याला विनोद कळतो, थोडा उशिरा.

नटाने पहिली लाट उतरली म्हणून वाक्य टाकलं की ते नेमकं दुसरीवर जाऊन आदळतं. कृत्तिकेची चार वाक्यं अशीच गेली.

पात्रांच्या नावांचा विनोद मात्र दोन्हीकडे एकदमच पोचतो. पुरुष महिन्यांचे, बायका नक्षत्रांच्या: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. पंचांग दोघांचंही तेच. भादव्याचं नाव पहिल्यांदा पुकारलं तेव्हा एकच लाट, ह२.

२९ जानेवारी, रविवार. दुरुस्तीची तालीम

हशा धरण्याचा नियम ठरला. हशा चढतो, माथ्यावर येतो, उतरतो. सभागृहात साधारण एकतृतीयांश उरला की पुढचं वाक्य. पूर्ण विझू द्यायचा नाही, विझला की ते वाक्य थंड घरात पडतं आणि पुढचा हशा उभा राहत नाही. शब्दावरच्या विनोदाला मात्र एक काम मधे घालायचं: पान लावणं, उपरणं झटकणं, तसबीर उलटी करून बघणं. तेवढ्यात दुसरी लाट येऊन जाते आणि नट नुसता थांबलाय असं दिसत नाही. कोणत्या ओळीवर कोणतं काम, हे डाव्या पानावर लिहिलं. हे काम प्रत्येक वेळी तेच असावं. नवीन काही केलं की त्या कामावरच हशा येतो आणि हिशेब पुन्हा बिघडतो.

सातही सांध्यांवर तबलजीची खूण शब्दावरून काढून हातावर आणली. गायक उजवा हात उपरण्यापाशी नेतो तेव्हा ठेका. आणि ऑर्गनने खुणेच्या वाक्याच्या दोन वाक्यं आधी नुसता आधारषड्ज, भाता हलका. ऑर्गनवाले म्हातारे, सुरुवातीला तयार नव्हते. “गद्यावर सूर कशाला ठेवायचा?” गायक म्हणाला, “अण्णा, हशात मला तुमचा सूर ऐकू येत नाही की. आधीपासून कानात असला तर बरं पडंल.” दोनदा करून पाहिलं, मग मान्य. हलका षड्ज हशाखाली दबतो, प्रेक्षकाला जाणवत नाही, गायकाला मात्र पायाखाली जमीन मिळते.

तबल्याचा हिशेबही मांडला. अश्विनशेठचा षड्ज काळी एक, रेवतीचा काळी चार (ऑर्गनच्या काळ्या पट्ट्यांचे क्रमांक). काळी चारचा मध्यम काळी एकच. म्हणजे काळी एकचा तबला त्याला षड्जात आणि तिला मध्यमात चालतो. पण तिच्या ज्या पदात मध्यम वर्ज्य आहे किंवा तीव्र आहे तिथं तो तबला खटकतो. तिथं दुसरा तबला, काळी दोनचा, तिच्या पंचमात. अदलाबदल दोन ठिकाणी येते, दोन्ही ठिकाणी आधी ह३ आहे. त्या हशातच तबला बदलायचा, कोणाचं लक्ष जात नाही.

रेवतीच्या गालावरचा मायक्रोफोन उजवीकडे घेतला. पहिल्या प्रयोगात डावीकडे होता आणि दर तिसऱ्या ओळीला ‘टक्’ असा आवाज. ध्वनिवाला तासभर वायर बदलत होता. कारण वायर नव्हतंच: नथ डाव्या नाकपुडीत, मान वळली की तिचा मोती मायक्रोफोनच्या टोकाला लागायचा. प्रेक्षकांतून याबद्दल एकही शब्द आला नव्हता, पण त्या पदाला वा नाही, खो तीन.

५ फेब्रुवारी, रविवार

आज माघी पौर्णिमा, सौंदत्तीची यात्रा. गावचा प्रयोग आज ठेवायचं घाटत होतं, बरं झालं नाही ठेवला ते. निम्मं गाव यल्लम्माला गेलेलं. ११ ला ठरला.

११ फेब्रुवारी, शनिवार. दुसरा प्रयोग, खानापूर तालुका, उघड्यावर

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून पडदा साडेसहालाच. तीन तास, मध्यंतर दहा मिनिटं, उरतात वीस. वन्स मोअरचा सगळा खर्च त्या विसात बसवायचा. पाच मिनिटांचं पद पूर्ण परत घेतलं तर दोन वन्स मोअरमध्ये दहा मिनिटं जातात. म्हणून ठरवून ठेवलं: मुखडा एकदा आणि शेवटचा अंतरा, दोन मिनिटं.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेताच्या कडेला मंडप. साडेसातनंतर दव पडायला लागलं. तबला पाव स्वर उतरला. ऑर्गनचा सूर आहे तिथंच, त्यामुळं तबल्यालाच वर यावं लागतं. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर, हातोडीचे ठोके देऊन आणला, वीस मिनिटांत परत खाली. दुसरा तबला लाकडी खोक्यात ४० वॅटच्या बल्बशेजारी, वरून कापड, असा ठेवला होता, तो मात्र टिकला. बल्ब आणि पुडी यांत वीतभर अंतर हवं, जवळ ठेवला तर शाई तडकते. गजरा सारखा ठोकून चढवत राहिलं तरी मधेच पुडी फाटायचा धोका. दोन्ही तबले आळीपाळीने खोक्यात घालायला हवे होते.

प्रेक्षक इथं नुसता हसत नाही, पात्रांशी बोलतो. कृत्तिका तसबीर बघत असताना बायकांच्या बाजूने, “अगं लपीव की ती, मागं आला बघ!” आणि त्यावर सगळीकडे हशा, फाल्गुनराव मानही पुढं काढायच्या आधी. नवीन खूण: बो. फाल्गुनरावांनी शहाणपण केलं, त्या बाजूला एकदा बघितलं आणि मग तसबिरीकडे. उत्तर देऊ नये. एकाला उत्तर दिलं की चौघं बोलतात आणि पदापर्यंत घर परत शांत होत नाही.

बोलणारं घर पदात मात्र चिडीचूप. हे अपेक्षित नव्हतं. शहरात पहिल्या अंतऱ्यानंतर खो सुरू होतात, इथं तिसऱ्या आवर्तनापर्यंत एकही नाही. भजनाची सवय असलेले कान. ठेका धरून बसतात, मांडीवर बोटं चालू. ताना वाढल्या की मात्र बोटं थांबतात. अश्विनशेठच्या दुसऱ्या पदात गायकाने पाच मिनिटांचं आठ केलं, सहाव्या मिनिटाला मागची पोरं उठून उसाच्या रसाच्या गाड्याकडे गेली. मुद्रणात गाड्याचे घुंगरू स्पष्ट आहेत.

‘कर हा करी’ला पु आला, तोही दोन भाषांत. पुढून “वन्स मोअर!”, उजवीकडून “इन्नोम्मे!” गायकाने मुखडा आणि अंतरा घेतला, दोन मिनिटं दहा सेकंद. पडदा ९.५१ ला.

१२ फेब्रुवारी, रविवार. चिठ्ठ्या

दोन्ही प्रयोगांत मध्यंतरात चिठ्ठ्या वाटल्या, मराठी एका बाजूला, कन्नड दुसऱ्या बाजूला. शहरातल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘छान’, ‘सुंदर प्रयोग’, ‘असेच कार्यक्रम व्हावेत’. उपयोग शून्य. प्रश्नच चुकला होता: ‘प्रयोग कसा वाटला?’ असं विचारल्यावर भला माणूस दुसरं काय लिहिणार. गावासाठी प्रश्न बदलले होते: कोणत्या पदाची पहिली ओळ आठवते? शब्द कुठं कळले नाहीत? कोण बोलताना ऐकू आलं नाही? चिठ्ठ्या कमी आल्या, पण कामाच्या. नाटकातल्या साधूचं बोलणं डाव्या बाजूला पोचलंच नाही, हे चौघांनी लिहिलं. डावीकडचा स्पीकर मंडपाच्या खांबाआड होता. एका कन्नड चिठ्ठीत ‘हाडु छलो, मातु जोर’, म्हणजे गाणं छान, बोलणं फार वेगात. नेमकं निदान. दोन लाटांचं कारण त्या चार शब्दांत आहे.

आठवणाऱ्या पदांत सगळ्यात अवघड पद कुठंच नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार. तिसरा प्रयोग, निपाणी

थोडक्यात. सात सांध्यांपैकी सहा जुळले. हलका षड्ज चालला. दुसरी लाट इथं जवळजवळ नाही. मराठी ऐकणारं घर, त्यामुळं त्यासाठी घातलेली कामं लांबल्यासारखी दिसली, पान लावण्यावर दोनदा ह१ आला आणि विनोद पातळ झाला. म्हणजे कामं गावागणिक लांब-आखूड करायला हवीत. सातवा सांधा गायकाच्या सवयीने मोडला: हात उपरण्याकडे त्याने विनाकारणच नेला, तबलजीने इमानाने ठेका धरला, गद्य अजून चालू. घर हसलं. अश्विनशेठने प्रसंगावधान राखून तबल्याकडे संशयाने पाहिलं आणि ह३ घेतला. नोंद केली, पण संहितेत घालायचा नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार. पुढच्या प्रयोगासाठी

डाव्या पानावर आता दोन रंग: निळ्यात वस्तूवरचे विनोद, तिथं एक लाट, एकतृतीयांशाला वाक्य, हिरव्यात शब्दावरचे, तिथं काम. हिरव्यातल्या प्रत्येक कामाला लांब आणि आखूड अशी दोन रूपं, कोणतं घ्यायचं ते पहिल्या अंकातल्या पहिल्या दोन हिरव्या ओळींवर शेवटच्या रांगेतल्या माणसाने ठरवून मध्यंतरात नव्हे, विंगेत लगेच कळवायचं. फाल्गुनरावांचा वेग प्रवेशाच्या पहिल्या पाच वाक्यांत कमी, पुढं हवा तसा. तबलजीची खूण उजव्या हाताऐवजी डावा हात, कारण उजवा हात गायकाच्या ताब्यात नाही. अश्विनशेठचं दुसरं पद साडेपाच मिनिटांवर, यावर गायक अजून ‘बघू की’ म्हणतोय. काळी एकच्या तबल्याची पुडी गावच्या दवात ढिली झाली आहे, वादी (चामड्याची पट्टी) ओढून पाहिली, लाकडी गट्टे खाली सरकतात पण सूर धरत नाही; नवीन पुडी लागेल.